गाडी कोण चालवतंय

फोटोत माझा नवरा स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून बसलाय. कपाळावर कुंकू, कुंकवावर चिकटलेल्या अक्षता, आणि चेहरा असा की हा पठ्ठ्या आता आम्हाला थेट उत्तर ध्रुवापर्यंत नेऊन सोडणार. दाराशी सासूबाई हातात ताम्हन घेऊन उभ्या आहेत. वाऱ्यानं निरांजन विझलेलं आहे, पण ते फोटोत कळत नाही. फोटो सासऱ्यांनी काढला आणि लगेच मिरजेपासून मेलबर्नपर्यंत पसरलेल्या आमच्या सासरच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, 'चिरंजीव आम्हांस गाडीने आयर्लंडचा समुद्रकिनारा दाखविणार.' धडाधड जोडलेले हात, फुलं, अंगठे आले. मग चिरंजीव खाली उतरले, पुढून वळसा घालून डाव्या सीटवर जाऊन बसले, आणि उजवीकडून चढून गाडी मी सुरू केली.

चिरंजीवांना गाडी येत नव्हती. साफ सांगते, कारण तेव्हा कुणीच साफ सांगत नव्हतं, मीसुद्धा.

ही २०१७च्या जूनमधली गोष्ट. मी आयर्लंडच्या उत्तर टोकाला, लेटरकेनीला हॉस्पिटलात डॉक्टर होते. तिथे गाडीवाचून माणूस लंगडा. ड्यूटी संपली आणि बाहेर आलं की पाऊस असतो, बस नसते. म्हणून आल्या आल्या मी धडे घेतले, परीक्षा दिली आणि पहिल्या फटक्यात पास झाले. नवरा डब्लिनला, ग्रँड कॅनाल डॉकपाशी एका सॉफ्टवेअर कंपनीत. कालव्याच्या कडेनं चालत निघाला की कॉफी संपायच्या आत ऑफिस. दर शनिवारी तो तरी बसनं माझ्याकडे यायचा, नाहीतर मी तरी गाडी घेऊन त्याच्याकडे जायचे. त्याला गाडीची गरज नव्हती, पण हौस होती, म्हणून परीक्षेला बसला. पहिल्यांदा राउंडअबाउटवर इतका वेळ खोळंबला की मागे रांग लागली. नापास. दुसऱ्यांदा आरशात न बघता लेन बदलली. पुन्हा नापास. घरी येऊन सांगतो काय, तर परीक्षक खडूस होता, रस्ता ओला होता, क्लच सैल होता. नाचता येईना अंगण वाकडं! पण मिरजेला मी यातला एक शब्द कळू दिला नाही. सासरी विषय निघाला की मीच घाईघाईनं म्हणायचे, "इन्शुरन्स माझ्या नावावर आहे ना, म्हणून मी चालवते." झाकली मूठ सव्वा लाखाची. त्याची मूठ मी झाकून धरली होती, आणि त्यात आपण फार मोठं काही करतोय असंही मला वाटत नव्हतं. नवरा-बायकोत एवढं चालतंच.

खरं तर आयर्लंडचा किनारा हा बेतच नव्हता. बेत होता नॉर्वेचा. नवऱ्याच्या ऑफिसातला कुणीतरी कॅम्परव्हॅन घेऊन नॉर्वे-स्वीडनच्या किनाऱ्याकिनाऱ्यानं फिरून आला होता, आणि त्यानं दाखवलेल्या फोटोंनी आमच्या येड्याचं डोकं फिरलं. महिनोन् महिने जेवताना व्हिडिओ. लाल लाकडी घरांची मासेमारीची गावं, फ्योर्ड म्हणजे डोंगरांच्या मधून आत घुसलेला समुद्र, त्याच्या काठाला उभी केलेली व्हॅन, व्हॅनच्या पायरीवर वाफाळता कप धरून बसलेली बाई. "ती बाई तू," तो म्हणायचा. मला ते आवडायचं, खोटं कशाला बोलू. तिथे गाडी कोण चालवणार हे त्यानं कधी विचारलं नाही आणि मीही नाही.

मग सासू-सासरे तीन महिन्यांसाठी आले. त्यांचा व्हिसा आयर्लंडपुरता, त्यावर नॉर्वेला पाऊल टाकता येत नाही. "मग तेच इथे करू," नवरा म्हणाला. "चौघं जाऊ. आपल्याकडे काय समुद्र कमी आहे?" दोघांची सहल चौघांची झाली, आणि हे मला त्यानं व्हॅनचं बुकिंग करून झाल्यावर सांगितलं. मी तेव्हाच चिडायला हवं होतं. पण त्याच आठवड्यात माझ्याकडे अशी एक बातमी आली होती की मला दुसरं काही सुचतच नव्हतं.

बाहेरून आलेल्या डॉक्टरला इथे नोकरी मिळते, ट्रेनिंगची जागा सहसा मिळत नाही. नोकरी म्हणजे सहा महिने इथे राबा, सहा महिने तिथे राबा, दर सहा महिन्यांनी पुन्हा अर्ज, आणि ज्या पोराला तुम्ही काल सलाईन लावायला शिकवलंत तो चार वर्षांत तुमचा साहेब. ट्रेनिंगची जागा म्हणजे पुढचा रस्ता. त्या टोकाला स्पेशालिस्ट म्हणून तुमचं नाव लागतं. मी चार वर्षं अर्ज करत होते. आणि आमच्या कन्सल्टंट बाईंनी मला वॉर्डच्या बाहेर बोलावून सांगितलं की एकानं जागा सोडलीय, यादीत पुढचं नाव तुझं आहे, लेटरकेनीलाच, जुलैपासून. पुढच्या शुक्रवारी पाचच्या आत हो की नाही ते कळव.

मी नवऱ्याला जिन्यातूनच फोन केला. तो "वा!" म्हणाला. मग जरा थांबला आणि म्हणाला, "बोलू आपण. व्हॅनमध्ये निवांत बोलू." त्याला स्वतःला डब्लिनजवळच्या चेरीवूडच्या एका कंपनीत नवी नोकरी लागली होती आणि तिथे मागे अंगण असलेलं भाड्याचं घर त्यानं बघून ठेवलं होतं. मी लेटरकेनी सोडून डब्लिनला यावं, तिकडे मिळेल ते काम करावं, एका घरात राहावं, असं त्याचं म्हणणं होतं. माझं म्हणणं होतं की ही जागा गेली तर पुन्हा मिळणार नाही. दोघांचंही म्हणणं दोघांना पाठ होतं. ते समोरासमोर बसून एकदा बोलायचं होतं, एवढंच.

व्हॅनमध्ये निवांत! चार माणसं, एक पडदा, आणि झोपेत कूस बदलली तरी गाडी हलायची.

निघायच्या दिवशी मी भाड्यानं व्हॅन देणाऱ्या माणसाच्या ऑफिसात सह्या करत होते, तेवढ्यात बाहेर पूजा उरकली. नवी गाडी असो की भाड्याची, पहिल्यांदा रस्त्यावर निघताना नारळ, चाकांखाली लिंबं, चालवणाऱ्याला ओवाळणं, हे सगळं आमच्याकडे होतंच, आणि त्यावर माझी काही तक्रार नाही. मी बाहेर आले तर ओवाळून झालेलं, फोटो काढून झालेला. कुणाला ओवाळलं, तर त्याला! मी म्हटलं जाऊ दे, पोराचं कौतुक आहे. लिंबं फुटली, आम्ही निघालो.

किलीबेग्सला पोचलो. मोठं मासेमारीचं बंदर, बोटींची गर्दी, हवेला बांगड्याचा वास. सासरे खूश होते. मी बंदरावर गाडी लावली तर लोक वळून वळून बघायला लागले. मला वाटलं सासूबाईंच्या नऊवारीकडे बघतायत. इतक्यात कुत्रा घेऊन चाललेली एक म्हातारी थेट माझ्या खिडकीशी आली आणि लाल चेहऱ्यानं म्हणाली, लाज वाटत नाही का तुम्हाला? मी खाली उतरून पुढे जाऊन बघितलं, तर पांढऱ्याशुभ्र व्हॅनच्या नाकावर ओल्या कुंकवानं काढलेलं हातभर स्वस्तिक!

युरोपात! अर्धा डोनेगल जिल्हा मी ते मिरवत आले होते. सासऱ्यांना कळण्यासारखं नव्हतं, त्यांचं मी समजू शकते. पण नवरा? इतकी वर्षं इथे राहिलेला माणूस, बाप शेजारी कुंकू कालवतोय आणि हा स्टिअरिंगवर हात ठेवून फोटोला हसतोय! मी त्या बाईंना हात जोडून समजावलं, हे आमच्याकडे शुभचिन्ह असतं, हजारो वर्षांचं. बाई भली होती, शेवटी म्हणाली ठीक आहे, पण पूस बाई ते आधी. मी ओल्या फडक्यानं घासायला लागले. कुंकू कसलं जातंय, सगळ्या बॉनेटभर गुलाबी फासलं गेलं. मागून सासरे म्हणाले, "देवाचं चिन्ह पुसतेस? प्रवासात?" आणि माझा नवरा, काय म्हणावं त्याला, लांब उभा राहून म्हणतो, "नॉर्वेत लोक इतकं बघत नाहीत बरं का."

नॉर्वे! या माणसानं नॉर्वे मोबाइलवर सोडून कुठे बघितलं होतं? पण सबंध प्रवासभर ते पालुपद. मुलाघमोरला पार्किंग मिळेना, तर नॉर्वेत कुठेही लावता येते. स्ट्रँडहिलला वाळू डोळ्यांत गेली, तर नॉर्वेत खडक असतात, स्वच्छ काम. आणि हे बोलत बोलत मला रस्ता सांगणं चालूच. "गिअर बदल. डावीकडे घे. अगं, केवढी डावीकडे! ब्रेक लाव ना." दोनदा नापास झालेला माणूस मला ब्रेक शिकवतोय. उंटावरून शेळ्या हाकायच्या, आणि उंटही माझाच.

गाडी थांबली की मी सीटवरून उठायचे आणि दोन पावलं मागे जाऊन शेगडीपुढे उभी राहायचे. वरच्या प्रेसमधून, म्हणजे कपाटातून, इथे कपाटाला प्रेस म्हणतात आणि आता माझ्याही तोंडी तेच येतं, कुकर काढायचा, खिचडी लावायची. पोळ्या बाहेरच्या विकतच्या चालत नाहीत. सासूबाई मदतीला उठायच्या, तर नवराच म्हणायचा, "आई, तू बस गं, तू फिरायला आलीयेस." मग मी काय धुणीभांडी करायला आले होते? व्हिडिओतल्या त्या पायरीवर वाफाळता कप धरून कोण बसलं, सांगू? हे बसले. बापलेक. समुद्राकडे तोंड करून. "अगं, काय मस्त वाटतंय, ये ना जरा." कुकरची तिसरी शिट्टी व्हायची होती.

त्यात सासूबाईंचे डिंकाचे लाडू. जूनमध्ये! मिरजेहून डबा भरून आणले होते आणि रोज सकाळी एक माझ्या हातावर ठेवायच्या. "खा. अंगात ताकद येते." मी मनात म्हणायचे, कळतंय हो मला कशासाठी ताकद. लग्नाला पाच वर्षं झाली होती, नातवंडाचा विषय त्यांनी तोंडानं काढला नव्हता, पण डिंक काय फुकट खायला घालतात? मी लाडू खायचे, लाडू झकास असायचे, आणि प्रत्येक घासाला माझा राग वाढायचा.

एनिसक्रोनच्या लांबलचक वाळूवर मी नवऱ्याला गाठलं. सासू-सासरे मागे शिंपले वेचत होते. मी म्हटलं, "शुक्रवार जवळ आला."

"हो गं, बघू ना. आज काय छान ऊन पडलंय, ते कशाला आता."

"मला हो म्हणायचंय."

तो पाण्याकडे बघत म्हणाला, "तू हो म्हणालीस तर मी नाही थोडाच म्हणणारे? फक्त सगळ्यांचा विचार करून ठरव." आणि बुटातली वाळू झटकायला खाली बसला. मला वाटलं, चला, पटलंय. फक्त तोंडानं म्हणायला जड जातंय. किती मूर्ख होते मी.

शुक्रवारी दुपारी जेवून आम्ही लुईसबर्गहून दक्षिणेला निघालो. तिथून रस्ता एका ओसाड दरीतून जातो आणि पलीकडे किलरीला उतरतो. किलरी म्हणजे समुद्र डोंगरांमधून आत आलेला. आयर्लंडचा फ्योर्ड, असं इथले लोक सांगतात. नवऱ्यानं तो मुद्दाम शेवटाला ठेवला होता. "आज आपलं नॉर्वे," तो सकाळपासून म्हणत होता. मी ठरवलं होतं की तिथे थांबायचं, पाण्याकडे बघत कन्सल्टंट बाईंना फोन करायचा. चांगली जागा होती असल्या फोनला.

गावाबाहेर पडतोय तेवढ्यात नवऱ्याचा फोन वाजला. त्याची सांगलीची आत्या. घरातलं शेंडेफळ नव्हे, थोरली. तिच्या कानावर गेलं म्हणजे जाहीर सभेत सांगितल्यासारखं. त्यानं स्पीकर लावला.

"अरे, गाडी चालवताना फोन घेतोस? बाजूला घे आधी!" आत्या ओरडल्या.

मी त्याच्याकडे बघितलं. आता सांगेल. नुसतं 'मी नाही चालवत' एवढं म्हणायचं होतं.

"चालतंय आत्या," तो हसत म्हणाला. "रस्ता मोकळाच आहे."

मी दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरलेलं, रस्ता एक गाडी जाईल एवढा, दोन्हीकडे दगडी गडगे, आणि माझा नवरा शेजारी बसून गाडी चालवत होता.

"सूनबाई, आहेस का गं?" आत्यांनी आवाज चढवला. "अगं, अभिनंदन! सोडतेयस ना एकदाची ती नोकरी? फार बरं केलंस बाई. याचा फोन आला तेव्हाच मी म्हटलं, उशिरा का होईना शहाणपण सुचलं. दोन गावांत दोन चुली कशाला मांडायच्या? आता नव्या घरी..."

आणि रेंज गेली.

त्या दरीत फोन चालत नाही. दुसरा रस्ता नाही, गाडी वळवायला जागा नाही, थांबायचं म्हटलं तर मागून येणाऱ्याचा रस्ता अडतो. एका बाजूला काळं तळं, दुसऱ्या बाजूला डोंगर, मध्ये मेंढ्या अशा ऐसपैस बसलेल्या की रस्ता त्यांच्या आज्याचा. मागे कुकरचं झाकण वाजत होतं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली होती आणि मला मेंढ्यांसाठी ब्रेक लावावा लागत होता. हॉर्न वाजवला तर एक मेंढी उठून माझ्याकडे बघत राहिली. मला येत नव्हत्या त्याही शिव्या मी त्या मेंढीला मनातल्या मनात घातल्या. नवरा एकदा "अगं, ऐक..." म्हणाला. मी म्हटलं, "एक शब्द बोललास तर गाडी तळ्यात घालीन." सासऱ्यांनी मागे पट्टा घट्ट केल्याचा आवाज आला.

दरी संपली, रस्ता खाली उतरला, आणि समोर किलरीचं पाणी आलं. दोन्हीकडे उभे डोंगर, पाण्यावर शिंपल्यांच्या शेतीचे ओळीनं लावलेले काळे तरंगते गोळे, मध्ये एक होडी. खरंच सुंदर होतं. मी कडेच्या मोकळ्या जागेत गाडी घातली, इंजिन बंद केलं, आणि किल्ली काढून हातात घेतली.

"कुणाकुणाला सांगितलंस?" मी विचारलं.

"आपण नंतर बोलू. आई-बाबांसमोर नको."

"आई-बाबांना सांगून झालं, सांगलीला सांगून झालं. मलाच तेवढं नंतर?"

मागून सासूबाई म्हणाल्या, "पण अगं, तूच म्हणालीस ना?"

मी वळले. "मी काय म्हणाले?"

"की आता होत नाही म्हणून. रात्रपाळ्या झेपत नाहीत, थकलेय, सोडून द्यावंसं वाटतंय. हा म्हणाला, ती तुमच्यापुढे बोलणार नाही, तिला लाज वाटते, तुम्ही विषय काढू नका. म्हणून तर मी..." त्यांनी वरच्या प्रेसकडे हात केला. लाडवांचा डबा तिथे होता.

मला रडू फुटेल असं वाटलं होतं, पण नाही. असा राग आला, असा राग आला की हातातली किल्ली रुतली. त्यानं मला थकवलं होतं! माझ्या माघारी, माझ्या तोंडी शब्द घालून. नोकरी सोडायला लावणारा तो नाही, मीच कशी बिचारी दमलेली. आणि मी आठवडाभर त्या बाईचे लाडू खात तिलाच मनातल्या मनात बोल लावत होते.

"मी तुझी मूठ झाकली," मी त्याला म्हटलं. "पाच वर्षं. तू माझं काय केलंस?"

"मी आपल्या भल्यासाठी..."

"भल्याच्या गप्पा मारू नकोस. एनिसक्रोनला मी हो म्हणायचंय असं सांगितलं तेव्हा वाळू झटकत होतास. तेव्हा सांगायचंस ना, की मी सगळीकडे तुझा राजीनामा वाटून बसलोय!"

सासरे पुटपुटले, "शांत व्हा, शांत व्हा. नवरा-बायकोत..."

"बाबा, आत्ता नाही," मी म्हटलं. सासऱ्यांना मी आयुष्यात पहिल्यांदा थांबवलं.

मी खाली उतरले. फोनला रेंज आली होती. चार वाजून गेले होते. विभागाच्या सेक्रेटरीबाईंनी फोन उचलला, कन्सल्टंट बाई राउंडवर आहेत म्हणाल्या. मी नाव सांगितलं, म्हटलं त्या जागेसाठी माझं हो आहे, त्यांना सांगाल का? "दॅट्स ग्रँड," बाई म्हणाल्या. आणखी काही? नाही, मी म्हटलं. "ग्रँड सो." फोन ठेवला. चार वर्षांचे अर्ज, आणि ग्रँड! इथे चहा कसा आहे विचारलं तरी ग्रँड म्हणतात. मी हसले. मागे नवरा उतरून पाण्याकडे तोंड करून उभा होता, ज्या फ्योर्डसाठी एवढा आटापिटा केला तो फ्योर्ड समोर होता आणि त्याचं लक्ष नव्हतं.

तेवढ्यात त्याचा फोन पुन्हा वाजला. फोन सीटवरच राहिला होता. आत्या. सासूबाईंनी फोनकडे बघितलं, मग माझ्याकडे. मी दार उघडून फोन उचलला आणि स्पीकर लावला.

"आत्या, मघाशी रेंज गेली. मी नोकरी सोडत नाहीये. मला पुढची जागा मिळालीय, आत्ताच हो म्हणून सांगितलंय. आणि एक. गाडी मी चालवतेय. पहिल्या दिवसापासून. त्याच्याकडे लायसन नाही. दोनदा नापास झालाय तो."

पलीकडे सांगलीत टीव्ही चालू होता तो स्पष्ट ऐकू आला. मग आत्या म्हणाल्या, "अगं बाई!" आणि फोन बंद झाला.

नवऱ्यानं पाठ वळवली होती ती तशीच. नोकरीचं खोटं उघडं पडलं तेव्हा तो वाद घालत होता. लायसनचं ऐकून त्याचे खांदे पडले. मला त्याची दया आली का? नाही आली. आज विचारलंत तरी नाही.

"पहिलं बोललीस ते ठीक," सासूबाई हळूच म्हणाल्या. "शेवटचं बोलायची गरज नव्हती."

"होती," मी म्हटलं.

त्यांनी तोंड फिरवलं. क्लिफडनच्या अलीकडच्या कॅम्पसाइटवर आम्ही मुक्काम केला. ग्रुपवर त्यानंतर एकही शुभरात्री, एकही फूल आलं नाही. रात्री मी शेगडीकडे फिरकले नाही. नवऱ्यानं पाकिटातले नूडल्स उकळले, ते चौघांनी खाल्ले.

सकाळी जाग आली तर चहाचा वास. सासूबाईंनी केला होता. माझा कप त्यांनी समोर ठेवला, लाडू ठेवला नाही. मी कप घेऊन व्हॅनच्या पायरीवर जाऊन बसले. चांगला ऊन-ऊन होता चहा. मग सगळं आवरलं, मी माझ्या सीटवर चढले, पट्टा लावला, किल्ली घातली. नवरा अजून बाहेर गॅसची नळी बंद करत होता.

खिडकीवर टकटक झाली. सासूबाई ताम्हन घेऊन उभ्या. निरांजन पेटलेलं होतं आणि ते विझू नये म्हणून त्यांनी पदराचा आडोसा धरला होता.

"काच खाली कर."

मी केली.

"मी रागावलेय तुझ्यावर."

"माहितीये."

"माझ्या पोराची चारचौघांत शोभा केलीस. ते मी विसरायची नाही."

"नका विसरू."

"तोंड इकडे कर." त्यांनी अंगठ्यानं कपाळावर कुंकू लावलं, जरा जोरातच. अक्षता चिकटवल्या. ओवाळताना त्यांचा हात खिडकीच्या कडेला अडखळत होता. "चालवणाऱ्याला ओवाळतात. त्या दिवशी मीच चुकले." मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "जुलैत तू तिकडे रुजू होशील तेव्हा मी मिरजेत असेन. हे तेव्हाचंही धर."

मागून सासऱ्यांनी सवयीनं फोन वर केला.

"फोटो नको," सासूबाई म्हणाल्या. "उशीर होतोय तिला."

नवरा डावीकडून चढून बसला, पट्टा लावला आणि गुडघ्यांवर हात ठेवून समोर बघत राहिला. मी आरशात बघितलं, गिअर टाकला आणि गाडी रस्त्यावर घेतली.